बांगडा खातो तरी काय?

पुण्यात आमच्या सोसायटीत मासे खाणारी घरं मोजकीच, आणि मी वेंगुर्ल्याकडची. त्यामुळे माशांचे सगळे प्रश्न माझ्या दारात. त्यातला ठरलेला: "सुरमईच्या पोटात बारके मासे सापडतात, बांगड्याच्या पोटात नुसता गाळ. घाण खातो का हो तो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घाण नाही खात. पुढच्या वेळी साफ करण्याआधी त्याचा जबडा फाकवून उजेडात धरा. कल्ल्यांच्या लाल झालरीच्या आतल्या बाजूला पिसासारखे लांब, बारीक दाते दिसतील. ही त्याची गाळणी. आ वासून पोहत राहायचं. पाणी कल्ल्यांतून बाहेर, प्लवक आत. तुमचा 'गाळ' म्हणजे हेच प्लवक, डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालापासून कोळंबीच्या पिल्लांपर्यंत. लहानपणी त्यात शैवाल बरंच असतं. वाढत्या वयात आहार बदलतो, तसं अंगाच्या मानाने आतडंही आखूड होत जातं. मला याची फार गंमत वाटते.

प्लवक माजतं ते पावसाळ्यात. किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार, शैवालाला खत ठरणाऱ्या क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे याचा जोर जास्त, आमच्याकडे येईस्तोवर कमी. बांगड्याची वीणही साधारण याच दिवसांतली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद ठेवतात, ते उगाच नाही.

पाऊस ओसरला की थवे किनाऱ्याकडे सरकतात. लहानपणी आम्ही वाळूत बसून बघायचो: बाकी समुद्र शांत आणि एकाच तुकड्यावर पाऊस पडल्यासारखं पाणी शहारलेलं. मग रापणीची धावपळ. होडी जाळं अर्धगोल सोडत जायची आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढायची. वर आलेले बांगडे बहुतेक एकाच मापाचे, जसे काही निवडून ठेवलेत. पोहण्याचा वेग लांबीवर असतो ना, बारका मोठ्यांबरोबर टिकत नाही. थवा आपोआप मापाचा होतो.

तर त्या गाळाला घाबरू नका. घाबरायचं तर बर्फ नसलेल्या टोपलीला घाबरा. उष्णतेत बांगड्याच्या मांसात हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं, आणि ते कितीही शिजवा, तिखल्यात मूठभर तिरफळं घाला, जात नाही.