मुक्काम पोस्ट फलोदी

आमच्या धंद्याची सुरुवात भिशीतून झाली. ह्यांच्याकडं सतरा सीटची एक टेम्पो ट्रॅव्हलर होती. लग्नाची वऱ्हाडं आणि शाळांच्या सहली यांनाच ती भाड्यानं जायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या भिशीच्या बायकांनी एकदा गाणगापूर-अक्कलकोट-तुळजापूर ठरवलं, गाडी आमचीच घेतली आणि हिशेब माझ्याकडं दिला. परत आल्यावर मी प्रत्येकीला उरलेले पैसे मोजून परत केले. आठवड्याभरात आणखी दोन भिश्यांचे फोन आले. पुढं शाहूपुरीत एक गाळा भाड्यानं घेतला, बाहेर फलक लावला आणि यात्रा कंपनी सुरू झाली.

राजस्थान आमच्याकडं बरंच उशिरा आलं. सगळे करतात तेच आम्हीही करत होतो. उदयपूर, जोधपूर, जैसलमेरचा सोनेरी किल्ला, जवळच्या सम गावच्या वाळूत उंटावरची रपेट, रात्री तंबूसमोर गाणं-नाच आणि सकाळी परतीचा रस्ता. सोबत आमचा आचारी, शेगड्या आणि पोत्यानं शिधा. प्रवासात घरचं जेवण मिळतं म्हणूनच गिऱ्हाईक आमच्याकडं यायचं, आणि मलाही त्याचा अभिमान होता.

फलोदीचं नाव काढलं ते गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या, एका सराफ काकांनी. तीन पिढ्या कोल्हापुरात, मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज, पण मूळ गाव फलोदी. घरची मंडळी आमच्या सहलीला पाठवायला आले होते. कार्यक्रमाचा कागद वाचला आणि म्हणाले, "ताई, जोधपूरहून जैसलमेरला जाताय आणि आमचं गाव बाजूला टाकताय? शेजारी खीचनला हजारो कुरजा उतरतात. एवढा मोठा थवा तुम्ही जन्मात बघितला नसेल."

कुरजा म्हणजे आपला करकोचा. मंगोलिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून हे पक्षी सप्टेंबरपासून मारवाडात यायला लागतात आणि मार्चअखेर परत जातात. खीचनमध्ये १९७० च्या दशकात एका जैन कुटुंबानं कबुतरांसाठी दाणे टाकायला सुरुवात केली. त्या दाण्यांवर थोड्या कुरजाही यायला लागल्या. मग गावानं मिळून त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं मैदान राखलं. त्याला चुग्गाघर म्हणतात. आता हंगामात वीस हजारांच्या वर पक्षी येतात आणि पोत्यानं ज्वारी लागते. ती ज्वारी देणगीतून येते.

एवढं असूनही फलोदीला पर्यटक थांबत नव्हता. जोधपूरहून रस्त्यानं साधारण १४० किलोमीटर. जोधपूर-जैसलमेर रेल्वे ओसियां, फलोदी, रामदेवरा, पोखरण अशीच जाते. पण सहलीच्या गाड्या देचूवरून सरळ पोखरणच्या रस्त्याला लागतात, कारण सकाळी जोधपूर सोडून दुपारचं जेवण जैसलमेरात घ्यायचं असतं. बाहेरच्यांना गाव माहीत झालं ते १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला तेव्हा. तोवर देशात नोंदलेलं ते सर्वांत जास्त तापमान. ती बातमी वाचून कोण कशाला तिकडं जाईल? त्यात आपल्याकडं सहलीचा मोठा हंगाम मे महिन्याचा. मुलांच्या परीक्षा संपल्या की लोक निघतात, आणि नेमक्या त्या महिन्यात तिथं ना पक्षी, ना बाहेर पडण्यासारखं ऊन.

आम्ही जानेवारीत निवृत्त शिक्षकांचा एक गट घेऊन गेलो. चूक माझी होती. जोधपुरात राहून सकाळी साडेसातला निघालो, वाटेत ओसियांची मंदिरं दाखवली आणि अकराला खीचनला पोचलो. मैदान मोकळं. दाणे टिपून पक्षी केव्हाच तळ्याकडं आणि शेतांकडं पांगले होते. "अवो बाई, पक्षी कुठं हायत?" एका सरांनी विचारलं, आणि मला तोंड वर करवेना. लांबच्या तळ्यावर काही शे दिसले, पण हजारो कुरजांचं वचन देऊन मी त्यांना रिकामं मैदान दाखवलं होतं. कोल्हापूरला आल्यावर त्या दिवसाचे पैसे मी सगळ्यांना परत केले.

त्या दुपारी चुग्गाघराला लागून असलेल्या घरातल्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं. सगळे त्यांना काकीसा म्हणतात. त्या म्हणाल्या, "जो आता है, दोपहर में आता है. फोटो खींचकर चला जाता है. रात रुको तो दिखे." मी कोल्हापूरची. मला ते फार लागलं, कारण आपल्या गावाचंही तेच दुखणं आहे. लोक पहाटे येतात, अंबाबाईचं दर्शन घेतात, मिसळ खातात, चप्पल घेतात, जोतिबा-पन्हाळा करून रात्रीच्या गाडीनं परत. गर्दी दिवसभर दिसते, पण खोलीवाला, रिक्षावाला, रात्रीच्या जेवणाचा खानावळवाला यांच्या हातात काय पडतं? गावाच्या गल्ल्यात पैसा येतो तो मुक्कामानं.

पुढच्या वर्षी आम्ही कार्यक्रमच फिरवला. जैसलमेरची एक रात्र कमी केली आणि फलोदीला दोन रात्री ठेवल्या. ह्यांचा विरोध होता. "लोक जैसलमेरसाठी पैसे देतात," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. त्या गटात वीस जागांपैकी अकराच भरल्या. लॉजमध्ये गरम पाणी नव्हतं आणि जानेवारीतली वाळवंटातली थंडी बोचरी. लॉजवाल्यानं बिचाऱ्यानं अंगणात चुलीवर पातेली ठेवून बादल्या खोल्यांवर पोचवल्या. मी परत आले आणि पुढच्या हंगामाचे निम्मे पैसे त्याला आगाऊ पाठवले, त्यातून त्यानं गीझर बसवले. लहान गावाला जाहिरातीआधी अशी खात्रीची आगाऊ रक्कम लागते, हे मी तिथं शिकले. पर्यटक येईल या आशेवर कोण खोल्या सुधारणार?

ती पहाट मात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. सातच्या आत आम्ही काकीसांच्या गच्चीवर शाली गुंडाळून बसलो होतो. आधी आवाज आला, लांबून, खूपसे लोक एकदम बोलताहेत असा. मग आभाळात रांगा दिसल्या. एकीमागून एक, मोजता मोजता नजर चुकावी अशा. पक्षी लगेच मैदानात उतरत नाहीत. बाहेर वाळूच्या टेकाडावर जमतात, धीर झाला की थोडे आत येतात, मग बाकीचे. राखी अंग, काळी मान, लाल डोळा आणि डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका. कमरेएवढा पक्षी दहा-बारा हातांवर ज्वारी टिपतोय आणि गच्चीवर कुणी बोलत नाही. आमच्या गटातल्या एक बाई आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. तास झाला तरी त्यांना उठवेना.

दुसरा निर्णय आचाऱ्याचा. दोन दिवस फलोदीत राहायचं आणि जेवण मात्र आपल्या शेगडीवरचं, मग गावाला मिळालं काय? मी त्या दोन दिवसांचं जेवण काकीसांकडं दिलं. बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची वाळवंटी भाजी, कढी, लसणाची चटणी, वर तूप. त्या सोगरा पोळपाटाशिवाय दोन्ही तळहातांवर थापतात, आणि तो आपल्या भाकरीपेक्षा जाड होतो. आमच्या बायका चुलीपाशी जाऊन बसल्या. एकीनं परातीत पीठ घेऊन कोल्हापुरी पद्धतीनं पातळ भाकरी थापून दाखवली, काकीसांनी ती हातात धरून उजेडाकडं बघितली. पहिल्या वर्षी दोघा-तिघांनी तक्रार केली. आता नोंदणी करतानाच लोक विचारतात, "त्या बाईंकडंच जेवण आहे ना?"

मधे वाईट काळ येऊन गेला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या गाळ्यात पाणी शिरलं, कागदपत्रं गेली. २०२० मध्ये सगळ्या सहली रद्द. लोकांचे पैसे परत करायला आम्ही एक गाडी विकली. त्या हिवाळ्यात काकीसांचा फोन आला, कुरजा आल्यात म्हणून. त्यांच्याकडं दोन खोल्या नुकत्याच बांधून झाल्या होत्या आणि रिकाम्या पडल्या होत्या. त्या खोल्या आमच्या शब्दावर बांधलेल्या, म्हणून २०२१ ची दिवाळी होताच पहिली गाडी आम्ही तिकडंच काढली. बारा जण होते, नफा शून्य.

गावालाही आता थोडे बरे दिवस येताहेत. २०२३ मध्ये फलोदी जिल्हा झाला. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे तिथल्या पाणथळींची जगाच्या यादीत नोंद झाली. पण अडचणी आहेतच. विजेच्या तारांना धडकून कुरजा मरतात. लाल दगडाच्या कोरीव हवेल्यांना कुलपं आहेत, कारण मालक व्यापारासाठी पिढ्यांपूर्वी बाहेर गेले. गुजरीतल्या आमच्या काकांचीही तिथं एक आहे. त्यांनी गेल्या वर्षी तिचा दिवाणखाना आणि चौक झाडून घेतला. आमचा गट गेला की शेजारी कुलूप काढून आत नेतात, खांबांवरची नक्षी आणि जुन्या बहीखात्यांची फडताळं दाखवतात. राहण्यासारखी ती अजून झालेली नाही. छताचं काम मोठं आहे, भावकीतल्या सगळ्यांच्या सह्या लागणार आहेत, आणि काका त्यामागं लागलेत.

गेल्या हंगामात आमचे चार गट फलोदीला राहिले. काकीसांचा धाकटा मुलगा आमच्या लोकांना तळ्यावर नेतो. "या, बसा, चहा घ्या" एवढं मराठी त्याला येतं. हंगाम संपला की तो कामासाठी गुजरातला जायचा. यंदा मी त्याला म्हटलं, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर इथली आमची खोल्यांची आणि गाड्यांची सगळी बोलणी बारा महिने तूच कर, महिन्याला ठरलेले पैसे देते. एप्रिल उलटला, मे आला, तो घरीच आहे. परवा त्यानं फोनवर विचारलं, गच्चीला पत्रा घालू का, उन्हाळ्यात वरच्या खोलीत बसून काम करायला लागतं. मी म्हटलं, घाल, निम्मे पैसे आम्ही देतो.