बदनीकाई, वंकाय, वांगं

सोलापुरात भोगीच्या दिवशी सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक निघते आणि रस्ते माणसांनी फुलून जातात. म्हणून भोगीची भाजी मी आदल्या दिवशीच लक्ष्मी मंडईतून आणते. यंदा वांग्यांच्या पाटीसमोर आम्ही तिघी होतो. पूर्व भागातल्या एक तेलुगू बाई ‘वंकाय’ निवडत होत्या, पलीकडच्या आजी कानडीत विचारत होत्या, “बदनीकाई ह्यांग?” (वांगी कशी दिली?) आणि मी आपली वांगी दाबून बघत होते. भाजीवालीनं तिघींनाही ‘अक्का’ म्हटलं आणि भाव एकच सांगितला. कुणाला कमी केला नाही.

सोलापुरात वांग्याला नाव बदलायला गाव सोडावं लागत नाही. बाहेर मात्र त्यानं फार पायपीट केली. संस्कृतातलं ‘वातिंगण’ आपल्याकडे झिजत झिजत ‘वांगं’ झालं. तेच इराणात ‘बादिंगान’, अरबांकडे ‘अल-बादिंजान’. अरबांबरोबर स्पेनला गेलं आणि कॅटलान भाषेतून फ्रेंचांकडे पोचेपर्यंत ‘ओबर्जीन’ झालं. त्यातला सुरुवातीचा ‘ओ’ म्हणजे अरबी ‘अल’चा उरलेला तुकडा! पोर्तुगीजांनी ‘बेरिंजेला’ म्हणत ते नाव गलबतातून परत इकडे आणलं, त्याचं इंग्रजांनी ‘ब्रिंजल’ केलं. वेस्ट इंडीजमध्ये तर त्याचं ‘ब्राउन जॉली’ झालं होतं. इटालियन लोकांनी ‘मेलांझाना’त ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं सफरचंद, ऐकलं. आमच्या घरच्या मंडळींचंही वांग्याबद्दल साधारण हेच मत आहे.

‘बादिंजान’ आणि कानडी ‘बदने’ शेजारी ठेवून म्हणून बघा, कानाला बहिणी वाटतात. संस्कृत शब्दच मुळात द्राविडी भाषांमधून आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर त्या पाटीसमोर सगळ्यांत जुना हक्क त्या दोघींचा. मी उगाच त्यांच्या आधी पाटीत हात घातला.

गच्चीवर कुंडीत माझं एक रोप आहे. पानांना मळकट लव, देठाला असे काटे की तोडताना बोट हमखास दुखावतं. जांभळं फूल लाजल्यासारखं खाली बघतं, मध्ये पिवळेधमक पुंकेसर. बटाट्याचं फूल शेजारी धरलं तर वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ साली दोघांना एकाच ‘सोलॅनम’ गटात का घातलं ते पुस्तकाशिवाय कळतं. डिसेंबरात एका शेंड्यानं मान टाकली. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून तांब्याभर जास्त घातलं. आत अळी होती. शेंडा खुडायचा सोडून मी तिला पाणी पाजत होते. दोनच वांगी धरली, त्यातल्या एकाला टाचणीएवढं भोक.

भोगीला दुसरं, धडकं वांगं मंडईतल्या वांग्यांत मिसळलं. सोबत ओला हरभरा, पावटा, गाजर, तिळाचं कूट; वर तीळ थापलेली बाजरीची भाकरी. सगळे जेवायला बसले. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या लेकीनं भाजी बोटानं उकरून पाहिली.

“आई, यात ब्रिंजल आहे?”

“आहे.”

“मग मला नको.”

काटेरी देठाची ती फोड मी माझ्या ताटात घेतली. कुंडीतलीच होती बहुतेक.