खो मोठ्यानं द्यायचा असतो

लेक आता आठवीत आहे. लॉकडाऊन लागला तेव्हा दुसरीत होती आणि तिसरीचं वर्ष तिनं मोबाइलसमोर बसून काढलं. पुढे शाळा उघडली, पण तिचा आवाज काही उघडला नाही. किराणा दुकानात गेली की यादी वाचून दाखवायच्या ऐवजी मोबाइलच काकांसमोर धरायची. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीतून मला मेसेज यायचा, ‘गेले का?’ तो वाचला की माझ्या पोटात तुटायचं.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. मग दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मी तेच घरात सुरू केलं. चार दिवस ती सात ते साडेआठ नुसती खिडकीत बसून राहिली. तिथं सगळं गाव एकदमच मोबाइल खाली ठेवतं, आमच्या बिल्डिंगमध्ये मात्र ही एकटीच. हातातलं मी काढून घेतलं, पण त्या जागी द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पाचव्या दिवशी तो नियम मीच मोडला.

वाट सापडली ती मोबाइलवरच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. लेकीनं तो सामना पांघरुणात शिरून पाहिला आणि विचारलं, “आई, तू हेच खेळायचीस ना?”

दुसऱ्या दिवशी मी तिला मैदानावर नेलं. तिथं मॅट नव्हती, पाणी मारलेली लाल माती होती. शिकवणाऱ्या सरांनी तिला पहिल्याच दिवशी पाटीवर, म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर, बसवलं.

खो-खो न खेळलेल्यांसाठी सांगते. आठ जणी एका ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी समोरच्या संघातल्या धावपटूंना पकडायला पळते. दोन टोकांच्या खांबांना वळसा घातल्याशिवाय तिला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पलीकडच्या धावपटूला गाठायचं तर बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं, मग ती उठून पळते. नुसता स्पर्श चालत नाही, आणि लांबून नुसतं ओरडणंही चालत नाही.

लेक हात लावायची आणि ओठ हलवायची. बसलेली मुलगी उठायचीच नाही. सर खेळ थांबवायचे. रागावत नसत, पण सोडतही नसत. “तिला ऐकू आलं नाही. परत दे.” एकदा सहा वेळा परत द्यायला लावला. मी कुंपणाशी उभी होते. आत जाऊन तिला घेऊन यावं असं फार वाटलं. नाही गेले, आणि आजही वाटतं तेच बरं केलं. सातव्या वेळी तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो मी पाच वर्षांत ऐकला नव्हता. समोरची पोरगी ताडकन उठून पळाली.

त्यानंतर गुडघे फुटले, हळद लागली, सूर मारताना हनुवटी सोलली. एका मुलीशी कडाक्याचं भांडण झालं. “तू खो उशिरा देतेस” असं ती हिला तोंडावर म्हणाली आणि हिनंही तोंडावरच उत्तर दिलं. मला मनापासून आनंद झाला. ब्लॉक करायची सोय मैदानावर नसते. दुसऱ्या दिवशी तिच्याच पाठीवर हात ठेवावा लागतो.

मोबाइल आहेच. त्यांच्या टीमचा ग्रुपही आहे, रात्री त्यावर बडबड चालते. मी त्यात डोकावत नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून आले तर पार्किंगमध्ये खडूनं चौकोन आखलेले. वॉचमनची दोन मुलं, दुसऱ्या मजल्यावरची जुळी आणि आमची लेक. एका टोकाला खांब म्हणून झाडू बांधलेली बादली, दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून माझ्या सासूबाई. पोरं त्यांच्या खांद्याला धरून वळत होती. लेक धाकट्या जुळ्याला सांगत होती, “ऐकू आलं नाही. परत दे.”

वरच्या काकूंनी गॅलरीतून गोंगाटाची तक्रार केली. मी वर जाऊन त्यांच्याकडून आठ वाजेपर्यंतची मुदत मागून आणली.