तुम्ही विचारलंत म्हणून: मालिकेतल्या गुपिताबद्दल प्रेक्षकांनी बांधलेली थिअरी खरी की पोकळ, हे आधी कसं ओळखायचं?

'वेस्टवर्ल्ड' या मालिकेचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. तरुण विल्यम आणि काळ्या कपड्यांतला म्हातारा हे एकच, असं काही प्रेक्षक पहिल्या काही भागांतच म्हणू लागले होते. ते त्यांना कसं कळलं? आणि मग बाकीच्या ढीगभर थिअऱ्या का आपटल्या? हे नशीब नव्हतं, त्यात रीत होती. मात्र ती सांगताना पहिल्या सीझनची सगळी गुपितं फुटणार. मालिका पाहिली नसेल तर आधी पाहून या, खरंच.

थोडक्यात ओळख. जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांची ही मालिका एचबीओवर २ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली. वाइल्ड वेस्टचा देखावा असलेलं अवाढव्य पार्क, त्यात हुबेहूब माणसासारखे 'होस्ट', आणि पैसे मोजून त्यांच्याशी वाटेल तसं वागायला आलेले पाहुणे. विल्यम, त्याचा होणारा मेहुणा लोगन आणि काळ्या कपड्यांतला माणूस हे त्यांतलेच. भाग दहा, ४ डिसेंबरला शेवट. एक भाग संपून दुसरा येईपर्यंत लोकांकडे विचार करायला भरपूर वेळ होता.

कृत्रिम माणसांच्या मालिकेत थिअरी करायची तर आधी त्या माणसांचे नियम पक्के हवेत. इथे ते तीन आहेत. होस्टचं वय वाढत नाही. त्याची नक्कल करता येते. आणि त्याची स्मृती पुसता येते, पण जे आठवतं ते जसंच्या तसं आठवतं. पहिले दोन नियम सगळ्यांच्या लक्षात राहतात. खरी मेख तिसऱ्यात आहे. आपली आठवण विरते, तिचे कोपरे झिजतात, म्हणून पडद्यावर भूतकाळ धूसर किंवा पिवळट दाखवायची पद्धत पडली. होस्टची आठवण विरत नाही. डोलोरेस ही अशीच एक होस्ट; तिला तीस वर्षांपूर्वीचं आठवतं तेव्हा ती पुन्हा तिथेच उभी असते. एकदा ती विल्यमच्या सोबतीने त्या वाटेने जाते, पुढे कित्येक वर्षांनी तीच वाट एकटी तुडवते, आणि पडद्यावर दोन्ही प्रवासांचा रंग, उजेड, तिचा चेहरा सगळं सारखंच. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही. तिला जसं दिसतं तसंच आपल्याला दाखवलंय, आणि हे ज्याला कळलं त्याच्या मनात 'हे दोन काळ असतील का?' हा प्रश्न आपोआप येतो.

आता विल्यमची दृश्यं जुन्या काळातली आहेत याचे पुरावे. प्रत्येक पुराव्याला एकच प्रश्न विचारायचा: हा खोटा ठरवायला किती खटपट करावी लागेल? विल्यम दुसऱ्या भागात पार्कला येतो तेव्हा दिसणारा लोगो जुन्या वळणाचा आहे, पार्कचा निर्माता फोर्ड आणि त्याच्या हाताखालचा बर्नार्ड यांच्या, म्हणजे आजच्या, काळातला वेगळा. चांगला पुरावा, पण एकटा कच्चा. स्वागतकक्षात मुद्दाम जुना लोगो ठेवलाय, असं म्हटलं की संपलं. पाचव्या भागातला लॉरेन्स हा होस्ट त्याहून भारी. काळ्या कपड्यांतला माणूस त्याचा गळा चिरतो, त्याचं रक्त टेडी या दुसऱ्या होस्टला चढवतो. त्याच भागात विल्यम आणि डोलोरेस परायाह गावात एल लाझोला भेटतात, आणि तो म्हणजे लॉरेन्सच! होस्ट दुरुस्त होतात हे खरं. पण मग त्याला उचलून नेणं, जखम बुजवणं, नवी भूमिका भरणं, दुसऱ्या गावात नेऊन सोडणं, हे सगळं आपल्या नजरेआड उरकलं असं मानावं लागतं. खटपट वाढली.

सगळ्यात भक्कम दुवाही त्याच पाचव्या भागातला, पण त्याची जोडी नवव्यात सापडते. काळ्या कपड्यांतला माणूस टेडीला सांगतो की फार पूर्वी त्याने एका होस्टला उघडून पाहिलं होतं, तेव्हा आत बारीक सुंदर यंत्रं होती, नंतर हाडामांसाचे होस्ट आले. नवव्या भागात लोगन डोलोरेसचं पोट चाकूने फाडतो आणि आत यंत्र दिसतं. म्हणजे विल्यमची डोलोरेस जुन्या बांधणीची. इथे पळवाट उरतच नाही. शिवाय याच भागात लोगन विल्यमला त्याच्या होणाऱ्या बायकोचा, ज्युलिएटचा, फोटो देतो. हाच फोटो पहिल्या भागात डोलोरेसच्या बापाला, ॲबरनाथीला, मातीत सापडला होता.

खऱ्या थिअरीची दुसरी खूण अशी की काय घडणार नाही, हेही ती आधी सांगते. दोन काळ असतील तर विल्यम आजच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणालाही भेटता कामा नये. तपासून पाहा. फोर्ड, बर्नार्ड, थेरेसा, स्टब्स यांच्यापैकी एकाबरोबरही तरुण विल्यम दहा भागांत एका दृश्यात नाही. जी थिअरी काहीही घडलं तरी 'बघा, मी म्हटलंच होतं' म्हणू शकते, तिच्यात वेळ घालवू नका.

विरोधातलं मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवं. चौथ्या भागात नियंत्रण कक्षात कळतं की डोलोरेस आपला लूप, म्हणजे रोजचा ठरलेला क्रम, सोडून भटकलीय. त्याच भागात एक जण तिला परत न्यायला येतो आणि विल्यम मध्ये पडून ती आपल्यासोबत असल्याचं सांगतो. झालं, काळ एकच, असं म्हणून अनेकांनी ही थिअरी तिथेच सोडली. पण नीट पाहिलं तर या दोन दृश्यांना जोडते फक्त संकलनाची कात्री. दोन्हीकडे असलेलं एकही माणूस नाही, एकाचा निरोप दुसऱ्याकडे पोचताना दिसत नाही. दृश्यं लागोपाठ आली म्हणजे घटना लागोपाठ घडल्या, हे आपण सवयीने धरतो, आणि निर्मात्यांनी नेमकी ती सवय वापरली. थिअरी करताना सर्वाधिक चुका इथेच होतात.

बर्नार्ड होस्ट आहे ही थिअरी माझ्या मते याहूनही देखणी, कारण तिचा नियम पहिल्याच भागात उघड सांगितलेला आहे. ॲबरनाथीला सापडलेल्या त्या फोटोकडे बघून डोलोरेस म्हणते की तिला त्यात काही दिसत नाही. जे होस्टला धक्का देईल ते त्याला दिसतच नाही. आता तिसरा भाग घ्या. फोर्ड बर्नार्डला जुना फोटो दाखवतो. बर्नार्डला, आणि त्याच्या डोळ्यांनी आपल्यालाही, त्यात दोनच माणसं दिसतात, त्यातला एक म्हणजे फोर्डचा मेलेला भागीदार अर्नोल्ड, असं आपण समजतो. पण फोटो थांबवून बघा: दोघंच असतील तर चौकटीत एका बाजूला इतकी मोकळी जागा कशाला? तिथे तिसरा माणूस आहे. तो अर्नोल्ड, आणि त्याचा चेहरा बर्नार्डचा. सातव्या भागात थेरेसा एका दाराबद्दल विचारते, तेव्हा 'कुठलं दार?' हे बर्नार्डचं उत्तर ऐकून अंगावर काटा येतो, कारण नियम आपल्याला आधीपासून ठाऊक असतो.

याच थिअरीबरोबर एक अक्षरांचा खेळ फिरत होता. बर्नार्ड लो हे नाव रोमन लिपीत अकरा अक्षरांचं. त्यातून अर्नोल्डची सहा काढली की बी, ई, आर, डब्ल्यू, ई उरतात आणि त्यांचं होतं 'वेबर'. अर्नोल्डचं आडनाव तेच निघालं. मजा येते, पण अशा खेळाला मी पुरावा मानत नाही. हा कळसावरचा झेंडा. खाली देऊळ नसेल तर त्याचा उपयोग नाही.

आपटलेल्या थिअऱ्या पाहिल्या की हे आणखी पटतं. पार्क दुसऱ्या ग्रहावर आहे, असं म्हणणारे बरेच होते. त्यामागे कथेतला एकही नियम नव्हता, नुसतं 'असलं तर भारी होईल' एवढंच. कथेतला क्रूर खलनायक वायट म्हणजे काळ्या कपड्यांतला माणूस, ही थिअरी निदान विचार करून मांडलेली होती. वायट निघाली डोलोरेस.

कधी कधी तर क्लू हा क्लू नसतोच, ती लेखकांची नजरचूक असते. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेत माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रमानवांची, सायलॉनची, बारा मॉडेलं, त्यातली सात माहीत, पाच गुप्त. पण माहीत असलेल्यांचे क्रमांक होते १ ते ६ आणि ८. सात नंबर कुठे गेला? २००९ मध्ये शेवटच्या सीझनमध्ये ती फट बुजवायला डॅनियल नावाचं नष्ट झालेलं मॉडेल आलं. लगेच हाच स्टारबक या वैमानिक नायिकेचा बाप, अशी थिअरी उभी राहिली. निर्माते रोनाल्ड मूर यांना सांगावं लागलं की असं काही सुचवायचा त्यांचा हेतू नव्हता. म्हणून क्लू एकदाच दिसला तर थांबा. दुसऱ्यांदा, वेगळ्या ठिकाणी, कॅमेऱ्याने मुद्दाम दाखवला तरच धरा.

'वेस्टवर्ल्ड'च्या दुसऱ्या सीझनमध्ये हीच रीत अपुरी पडते, तेही समजून घ्या. तिथे काळाची उलटापालट होते कारण बर्नार्डने स्वतःच्याच आठवणींचा क्रम विस्कटलाय. हे शेवटी कळतं, म्हणजे नियम उलगड्याच्या नंतर येतो. तरी एक खूण पक्की आहे: क्रेडलमधली, म्हणजे आभासी जगातली दृश्यं जास्त रुंद चौकटीत आहेत. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या की समजा, हे खरं जग नाही.

पहिला सीझन पुन्हा पाहणार असाल तर वहीत चार रकाने आखा: भाग, दृश्यात कोण कोण, डोलोरेसच्या अंगावर काय, आणि या दृश्यातलं कुठलं माणूस दुसऱ्या धाग्यात जिवंत भेटतं. माणूस, होस्ट नव्हे. होस्ट कुठल्याही काळात भेटेल, त्याने काही सिद्ध होत नाही. पाचवा भाग संपला की चौथ्या रकान्यावरून नजर फिरवा. विल्यमच्या ओळींत एकाच माणसाचं नाव असेल, लोगनचं, आणि लोगन दुसऱ्या कुठल्याही धाग्यात नाही.