गळ टाकणाऱ्याचा गॉगल

गॉगल म्हटलं की आपल्याकडे आधी रुबाब आठवतो. नवी बुलेट, मित्राची वरात, पालच्या खंडोबाच्या यात्रेतला फोटो. नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाने गॉगल चढवला, तर "काय हिरो, मासा पटवायचाय काय?" हे ऐकून घ्यावंच लागतं. ऐकून घ्यावं आणि गॉगल काढू नये. सकाळी दहानंतरच्या उन्हात बंधाऱ्याच्या भिंतीवर बसून दोन-तीन तास पाण्याकडे बघत राहणं डोळ्यांना सोसत नाही. टोपीची कड वरचं ऊन अडवते, पण पाण्यावरून उसळलेलं ऊन खालून येतं, त्याला टोपी काय करणार? आणि गांधी टोपीला तर कडच नाही.

साधा काळा गॉगल इथे कामाचा नाही. तो सगळंच सारखं काळं करतो. चकाकी काळी, तिच्याखालचा मासाही काळा. पोलराइज्ड काच मात्र निवड करते. उन्हातला प्रकाश सगळ्या दिशांनी थरथरत येतो. सपाट पाण्यावर आपटून परतताना त्यातला आडवा थरथरणारा भाग जास्त उरतो, आणि तीच आपल्या डोळ्यांत घुसणारी चकाकी. पोलराइज्ड काचेत एक पातळ फिल्म असते. ती आडवा भाग गिळते आणि उभा तेवढा आत सोडते. पाण्यातून वर येणाऱ्या प्रकाशात उभा भाग भरपूर असतो, म्हणून वरची चादर ओढून घ्यावी तसा तळ दिसायला लागतो.

हे आधी लक्षात आलं ते १८०८ साली, पॅरिसमध्ये. एतियेन मालूस नावाचा माणूस लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला की प्रतिमा कमी-जास्त उजळ होत होती. ज्या १९२९ साली आपल्या सांगलीचा आयर्विन पूल उभा राहिला, त्याच साली अमेरिकेत एडविन लँड या संशोधकाने पोलराइज्ड फिल्मच्या पेटंटसाठी अर्ज केला. तोवर हे काम स्फटिकांचं होतं, लँडमुळे ते कापता येणाऱ्या पातळ फिल्मवर आलं. आजच्या बहुतेक काचांत ताणलेल्या पॉलीव्हिनाइल अल्कोहोलची फिल्म असते. ताणल्यामुळे तिचे लांबलचक रेणू एका रांगेत येतात आणि त्यांना धरून बसलेलं आयोडीन किंवा रंगद्रव्य आडवी चकाकी शोषतं.

आता हिशेबाची गोष्ट. ही चकाकी सगळ्या कोनांतून सारखी कापली जात नाही. पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांनी खाली बघितलं, तर ती जवळजवळ पूर्ण जाते. त्रिकोणमिती बाजूला ठेवा. डोळा पाण्यापासून जितका उंच, त्याच्या सव्वापटीहून थोड्या जास्त अंतरावरचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. पाण्यालगत उभं राहिलं आणि डोळा सहा फुटांवर असला, तर आठ फुटांवरचं. बंधाऱ्यावरून डोळा पंधरा फूट उंच असला, तर वीस फुटांवरचं. त्याच्या अलीकडे-पलीकडेही फरक कळतो, पण पार लांबच्या पाण्यावर चकाकी बरीच उरते, आणि पायापाशी सरळ खाली बघितलं तर गॉगल नुसता काळा चष्मा होतो. काठावर बूड टेकून "काही दिसत नाही" म्हणत गॉगलला नावं ठेवणाऱ्याने आधी उभं राहून बघावं. बसलेल्याचा डोळा तीन फुटांवर, म्हणजे त्याचं चांगलं पाणी चारच फुटांवर!

आणखी एक फसगत गॉगल दुरुस्त करत नाही. मासा दिसला तरी तो दिसतो तिथे नसतो. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरून सरळ बघितलं तर चार फुटांवरचा तळ तीन फुटांवर वाटतो, आणि तिरकं बघितलं तर आणखीच वर. गळ किती खोल सोडायचा हे डोळ्याने नाही, शिसं बांधलेल्या दोऱ्याने मोजायचं.

पण जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. मरळ घ्या. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून मधूनमधून वर येते. साध्या डोळ्यांना पाण्यावर फुटलेलं एक वलय दिसतं, बास. पोलराइज्ड काचेतून दिसतो तो तिच्या पिल्लांचा घोळका. लालसर नारिंगी, चिंचोक्यापेक्षा फार मोठी नसलेली शेकडो पिल्लं एका जागी उकळल्यासारखी वळवळतात, आणि त्यांच्या हातभर खाली एक काळपट लांब सावली हलत नाही. ती राखणीला असलेली मोठी मरळ. ती बेडकावर, गळावर, कशावरही तुटून पडते, म्हणून तिला पकडणं सोपं जातं. पकडू नये. ती गेली की बाकीचे मासे तो घोळका फस्त करतात. गॉगलने एवढं दाखवल्यावर न दिसल्याचा बहाणाही उरत नाही.

काच कुठल्या रंगाची घ्यायची हे पाण्याला विचारावं. कृष्णा एकच असली तरी धोमच्या धरणात तिचं पाणी वेगळं आणि सांगलीच्या बंधाऱ्यामागे वेगळं. दिवाळीनंतर धोम, कण्हेर, उरमोडी इथलं पाणी निवळतं आणि उघड्या जलाशयावर ऊन लख्ख पडतं. तिथे करडी काच बरी, सगळे रंग जसेच्या तसे दिसतात आणि डोळा थकत नाही. सांगलीकडे येईपर्यंत नदी संथ आणि हिरवट-तपकिरी होते. तिथे तपकिरी किंवा तांबूस काच घ्यावी. ती निळा प्रकाश बराच कापते, आणि गढुळलेल्या पाण्यात धुरकटपणा आणण्यात निळ्याचाच वाटा मोठा. त्यामुळे शेवाळाच्या हिरव्यावर माशाची पाठ उठून दिसते. दोन्हीकडे जाणाऱ्याने एकच घ्यायचा तर तपकिरी घ्यावा. निळ्या काचा फोटोत छान दिसतात, एवढंच. आणि आषाढ-श्रावणात पाणी तांबडं झालं की कुठलाच रंग चालत नाही. गॉगल पृष्ठभागावरची चकाकी काढतो, आतला गाळ नाही.

काळेपणाचाही आकडा असतो. बऱ्या कंपनीच्या काडीच्या आतल्या बाजूला शून्य ते चार यातली कॅटेगरी छापलेली असते. तीन म्हणजे ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो, भर उन्हाला ठीक. दोन म्हणजे १८ ते ४३ टक्के. चार नंबर इतका काळा की तो घालून गाडी चालवायची नसते. अडचण अशी की मासा खायला येतो पहाटे आणि तिन्हीसांजेला, नेमका तीन नंबर जास्त काळा पडतो तेव्हा. पहाटेचे गळवाले असाल तर दोन नंबरची तांबूस काच जास्त वेळ नाकावर राहील. अंधार पडल्यावर मात्र कुठलाही गॉगल घालून दुचाकीवर बसू नये. दिवसासुद्धा काही गाड्यांचं डिजिटल मीटर पोलराइज्ड काचेतून काळं ठिक्कर दिसतं, ते मीटर बिघडल्याचं लक्षण नव्हे. यूव्ही ४०० हा शिक्का वेगळा, तोही बघून घ्यावा. काच काळी असली म्हणजे अतिनील किरण अडवतेच असं नाही, आणि पोलराइज्ड असली म्हणजेही नाही.

आता टिकण्याचं, कारण खरे पैसे तिथेच जातात. चकाकी कापण्यात स्वस्त आणि महाग गॉगलात फारसा फरक नसतो. फरक पडतो दुसऱ्या उन्हाळ्यात. स्वस्तातला पोलराइज्ड गॉगल बहुधा टीएसी काचेचा असतो. मधे ती फिल्म, दोन्ही बाजूंना ट्रायअ‍ॅसिटेटचे पापुद्रे, सगळं मिळून जाडी एखाद मिलिमीटर. नवा असताना झकास. पण हे थर चिकटवलेले असतात. कडेने घाम, पाणी शिरलं आणि वर ऊन लागलं की कडा पांढुरक्या पडतात, मग बुडबुडे येतात, शेवटी पापुद्रा सुटतो. म्हणून टीएसी काच घेतलीत तर पूर्ण फ्रेमची घ्या. अर्धी फ्रेम किंवा भोक पाडून स्क्रूने धरलेली काच नको, पाणी शिरायला तिथे आयती वाट मिळते.

पॉलीकार्बोनेटची काच जाड आणि दणकट. गळवाल्याला ती हवी याचं कारण चकाकी नव्हे. बाभळीत अडकलेला गळ हिसडा मारून सोडवताना तो शिशासकट गोळीसारखा परत येतो, आणि येतो तो सरळ तोंडावर. ही काच फुटून डोळ्यात जायची शक्यता फार कमी. तिचा दोष एकच, ती मऊ आहे. वरचा हार्ड कोट गेला की ओरखडेच ओरखडे. खरी काच ओरखड्याला बरीच दाद देत नाही आणि तिच्यातून दिसतंही सगळ्यात स्वच्छ, पण पॉलीकार्बोनेटच्या दुपटीने जड, आणि फरशीवर पडली की संपली. होडीत बसून दिवसभर बघणाऱ्याने हवी तर घ्यावी. काठावर झुडपांत फिरणाऱ्याने पॉलीकार्बोनेटच घ्यावी असं माझं मत.

फ्रेम टीआर-९० सारख्या लवचीक नायलॉनची बरी. चुकून वर बसलं तरी बऱ्याचदा वाचते. बिजागरी साधी, स्क्रूची बघावी. स्प्रिंगची बिजागरी दुकानात मऊ वाटते, पण आत गाळ बसला की अडकते, आणि गल्लीतला चष्मेवाला ती दुरुस्त करून देईलच असं नाही. साधा स्क्रू तो उभ्या उभ्या बदलून देतो. तो सैल होऊ नये म्हणून आवळल्यावर डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब टाकायचा. आकार चेहऱ्याला वळसा घेणारा हवा. बाजूने ऊन आत शिरलं की ते काचेच्या आतल्या बाजूवर पडतं आणि आपलाच डोळा आपल्याला दिसायला लागतो. आपल्याकडे डोक्यावर टॉवेल घेऊन त्याची टोकं दोन्ही गालांवर सोडतात, त्याने हे ऊन महागड्या गॉगलपेक्षा चांगलं अडतं. फक्त वळसा जास्त आणि चष्म्याचा नंबरही जास्त, हे जुळत नाही. कडेला वाकडं दिसतं, डोकं दुखतं. मोठा नंबर असेल तर कमी वळशाची फ्रेम घ्यावी. चाळिशी लागलेल्यांना आणखी एक पंचाईत. लांबचा मासा दिसतो आणि हातातल्या गळाच्या नेढ्यात दोरा जात नाही. त्यांनी खाली वाचायचा नंबर असलेली पोलराइज्ड काच करून घ्यावी, किंवा शर्टाच्या खिशात चाळिशी ठेवावी.

दुकानात तपासायला पाच मिनिटं पुरतात. मोबाइलचा पडदा उजळ करून त्याच्यापुढे गॉगल धरा आणि पूर्ण गोल फिरवा. एका ठिकाणी पडदा काळवंडला तर काच पोलराइज्ड. नुसता उभा-आडवा धरून निकाल देऊ नये, काही फोन तिरक्या कोनातच काळवंडतात. दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या झाल्या पाहिजेत. एक आधी आणि एक नंतर होत असेल तर फिल्म वाकडी बसलीय, तो गॉगल परत द्या. मग हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघा आणि गॉगल हळूहळू वर-खाली करा. चौकटीची रेघ नागमोडी झाली तर दोन तासांत डोकं धरणार हे नक्की. बाहेर येऊन गाड्यांकडे बघा. पुढच्या काचेवरची चकाकी गेली पाहिजे. क्रोमच्या पट्टीची जाणार नाही, धातूवरून परतलेल्या उन्हावर ही जादू चालत नाही. काही गाड्यांच्या मागच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी दिसेल. तो गॉगलचा दोष नाही, काच तापवून कडक करताना राहिलेले ताण दिसतात.

घेतलेला गॉगल मारायचे दोन हमखास मार्ग आहेत. पहिला म्हणजे शर्टाच्या टोकाने कोरडा पुसणं. नदीकाठच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते खऱ्या काचेलाही ओरखडा पाडतात, मग प्लॅस्टिकची काय कथा. आधी पाण्याने धुवायचा, साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, परत धुवायचा आणि मगच मऊ फडक्याने टिपायचा. दुसरा मार्ग म्हणजे मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं. तिथलं तापमान ७० अंशांच्या घरात जातं. काच आणि तिच्यावरचा कोट सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्यामुळे कोटाला बारीक भेगा पडतात आणि काच कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मोपेडच्या डिकीतही तेच. डासांचं मलम लावलेल्या हातांनीही गॉगल धरू नये. ज्यात डीईईटी हे डास पळवणारं रसायन असतं ते मलम प्लॅस्टिक विरघळवतं.

राहिली दोरी. बहुतेक गॉगल पाण्यात बुडतात. शंका असेल तर घरी बादलीत सोडून बघा. मानेमागून जाणारी फोमची पट्टी मिळते, ती गॉगल तरंगता ठेवते. नाहीतर जुना जाड नायलॉनचा दोरा दोन्ही काड्यांच्या टोकांना बांधला तरी भागतं, फक्त तो इतका सैल नको की गळ फेकताना हात अडकेल. दोरी न बांधताच गेला असेल आणि तळाला वाळू असेल, तर गळाने ओढून काढता येतो. गाळ असेल तर नाद सोडावा.