टेबलात पहिला, तरी नारळ!

इंग्लिश फुटबॉल मॅनेजर बॉबी रॉबसनला नारळ दिला तेव्हा त्याची टीम लीगमध्ये टॉपला होती. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं छापताना काहीतरी चुकलंय. डिसेंबर १९९३, पोर्तुगालचा स्पोर्टिंग क्लब. युएफा कपमध्ये (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) ऑस्ट्रियाच्या साल्झबर्गकडून हरले, प्रेसिडेंटचं डोकं सटकलं, साहेब घरी.

मुळात हा माणूस देशाबाहेर पडला तोच शिव्या खाऊन. तेव्हा तो इंग्लंडच्या टीमचा मॅनेजर होता. १९९० च्या वर्ल्ड कपआधीच इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने कळवलं की काँट्रॅक्ट वाढवणार नाही, मग त्याने हॉलंडच्या पीएसव्ही क्लबला हो म्हटलं, तर पेपरवाल्यांनी उलट त्यालाच गद्दार ठरवलं. आणि पठ्ठ्याने त्याच इंग्लंडला सेमीफायनलपर्यंत नेलं!! पीएसव्हीत दोन सीझन, दोन्ही वेळा लीग खिशात.

पण मला खरी मजा वाटते ती भाषेची. रॉबसनला पोर्तुगीज येत नव्हती म्हणून स्पोर्टिंगमध्ये त्याच्यासाठी एक तरुण दुभाषी ठेवला, नाव जोझे मोरिन्यो (हो, पुढे स्वतःच मोठा मॅनेजर झाला तोच). विचार करा, हाफटाइमला तुम्ही जीव तोडून ओरडताय आणि प्लेयर्स तुमच्याकडे नाही, शेजारच्या पोराकडे बघतायत. तुमचा राग त्यांच्यापर्यंत किती पोचायचा ते त्या पोराच्या हातात. परदेशात मॅनेजरची अर्धी नोकरी अशा माणसावर चालते असं माझं स्पष्ट मत आहे, टॅक्टिक्स वगैरे नंतर.

तर नारळ मिळाल्यावर रॉबसन गेला पोर्तुगालच्याच पोर्तो क्लबला, मोरिन्योला घेऊनच. काही महिन्यांतच पोर्तुगीज कपच्या फायनलला समोर कोण, तर स्पोर्टिंग! पोर्तो जिंकलं. (हे वाचून मी एकटाच हसत बसलो होतो.) पुढे १९९५ आणि १९९६ ची लीगही त्यांचीच.

मग बार्सिलोना. सीझन अर्धा झालेला असताना इंग्लंडच्या न्यूकॅसलची ऑफर आली, म्हणजे अगदी त्याच्या घरच्या भागातला क्लब, लहानपणापासून लाडका, पण काँट्रॅक्ट केलंय म्हणून हा नाही म्हणाला. रोनाल्डोने (ब्राझीलचा) त्या सीझनला ४७ गोल मारले, युरोपातला कप विनर्स कप आला, स्पेनचा कप कोपा डेल रे आला, स्पॅनिश सुपर कप तर आधीच आला होता, लीग रियल माद्रिदकडे गेली ती फक्त २ पॉइंटने. एवढं करून क्लबने आणला डच कोच व्हॅन गाल, आणि रॉबसनला कोचिंगवरून उचलून वरच्या ऑफिसात बसवलं.

दुभाषी मात्र ड्रेसिंग रूममध्येच राहिला, व्हॅन गालचा असिस्टंट म्हणून.