अर्ध्या किलोचा चाप

जळगाव, १८ मे

दुपारी कूलर बंद करून तासभर पिस्तुलाचा ट्रिगर तोलत बसले. कूलरच्या वाऱ्याने ट्रिगरला टांगलेली पिशवी झुलते आणि वजन पेलले गेले की नाही ते नीट कळत नाही, म्हणून हा उपद्व्याप. पारा ४४ अंशांवर असताना घामाघूम होऊन बसलेली सून पाहून सासूबाईंनी दारातूनच विचारले, "हाई काय मोजी ऱ्हायनी वं तू?" पिशवीत दिरांच्या किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे लोखंडी वजन होते.

मागच्या महिन्यातील नेमबाजी स्पर्धेत साहित्य-तपासणीच्या टेबलावर जी फजिती झाली, तिचे हे प्रायश्चित्त आहे. दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम पेलणारा असावा लागतो. नळी उभी धरून ट्रिगरच्या मध्यावर वजन टांगतात, हवेचा दाब चालू ठेवतात, आणि वजन टेबलावरून पूर्ण उचलले जाईपर्यंत ट्रिगर सुटता कामा नये. फार तर तीन संधी मिळतात. (एअर रायफलवाल्यांना अशी किमान वजनाची अटच नाही, याचा मला अधूनमधून हेवा वाटतो.) मी घरी प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याने ट्रिगर ओढून पाहिला होता, ०.५० आकडा दिसल्यावर समाधान मानले होते, आणि तो काटा दहा-दहा ग्रॅमच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो हे सोयीस्करपणे विसरले होते. तिन्ही वेळा वजन टेबलावरून सुटते न सुटते तोच 'टक्' झाले. तिथेच स्क्रू आवळला आणि अनोळखी झालेल्या ट्रिगरने ६० छर्रे झाडले. गुणांविषयी इथे लिहीत नाही.

मुळात ट्रिगर हलका करण्याचा हट्ट का होता? माझे छर्रे सारखे डावीकडे खाली जात होते आणि मी दोष चापाच्या जडपणाला देत होते. निशाणावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, तेही दहा मीटरवर. उजव्या हाताचे बोट सरळ मागे न येता झटक्याने ओढले गेले, की छर्रा नेमका तिकडेच जातो. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले, तेव्हा तिच्याही चापाला हीच ५०० ग्रॅमची अट होती.

आज खरी उकल झाली ती छोट्या वजनांनी. ट्रिगरचे दोन टप्पे असतात: पहिल्यात तो सैल मागे येऊन 'भिंतीला' टेकतो, म्हणजे बोटाला अडल्यासारखे लागते, आणि दुसऱ्यात सुटतो. पिशवीत वजने वाढवत गेले, तेव्हा कळले की माझ्या पिस्तुलात पहिला टप्पाच ४५० ग्रॅम खात होता आणि भिंतीनंतर जेमतेम ५० ग्रॅम उरत होते. म्हणजे घामेजलेल्या बोटाला भिंत लागली हे उमजण्याआधीच छर्रा सुटत असे, आणि त्या धास्तीने मी बोट हिसकत असे. पहिला टप्पा ३५० वर आणला, उरलेला भार दुसऱ्याकडे वळवला. पाव फेरा स्क्रू, पुन्हा पिशवी, पुन्हा पाव फेरा. सिअरची, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या आतल्या खटक्याची, पकड कमी करणाऱ्या स्क्रूला मात्र हात लावला नाही. ती पकड फार उथळ झाली तर पिस्तूल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते.

पिशवी आणि दोऱ्याचे वजन बारा ग्रॅम भरले. छर्रा न भरता, हवेचा दाब चालू ठेवून, ५१२ ग्रॅम पाच वेळा उचलले. पाचही वेळा चाप टिकला. भिंतीवर बोट आता थांबते, हे हाताला नवीन आहे आणि अजून सवयीचे नाही.

संध्याकाळी दिरांचा निरोप आला, गिऱ्हाईक खोळंबले आहे, वजने पाठवा. पाठवली. ५० ग्रॅमचे तेवढे पिशवीच्या शिवणीत अडकून राहिले आहे, ते सकाळी नेऊन द्यायचे आहे.